वशिंड लावलेली गाय

आज सगळी जनावरं साबणाच्या पाण्यात धुतली आणि सुपांमध्ये ठेवून ओट्यावर उन्हाला लावली. एका सुपात रानातली, दुसऱ्यात घरातली. हत्ती मोठा, तो सुपात मावत नाही. त्याला भिंतीला टेकवून उभा केलाय. खाली खाचरांत भात पिकून पिवळं झालंय. वारा आला की त्याचा वास वर ओट्यापर्यंत येतो, कोरडा आणि थोडा गोड, तापलेल्या तव्यावर तांदूळ पडल्यासारखा. उद्यापासून कापणी. एकदा कापणी लागली की घरभर भाताचं बारीक टोचरं कूस उडतं आणि महिनाभर कशाला हात लावायला सवड मिळत नाही. म्हणून ही आंघोळ आजच.

रस्त्यावरून दूधवाला चालला होता. गाडी हळू करून म्हणाला, "काय काकी, बाजार भरवलाय का?"

"बाजार नाय रं, आंघोळ हाय त्यांची," मी म्हटलं.

तो हसत गेला. मीही हसले. तीन वर्षांपूर्वी असं उत्तर माझ्या तोंडून आलं नसतं. तेव्हा मी ही जनावरं मोरीचं दार लावून धुवायची आणि आतल्या खोलीत कणगीच्या मागे वाळवायची. ती नीट वाळायची नाहीत. गेंड्याच्या पोटात पाणी राहायचं आणि हलवला की आवाज यायचा.

गेंडा सगळ्यांत जुना. आमचे हे चौक गावाला हायवेवरच्या एका गॅरेजात डेंटिंग-पेंटिंगचं काम करतात. ठोकलेली गाडी आली की आधी सीटा काढतात. सीटांखाली काय काय निघतं. केसांच्या पिना, बिस्किटांचा चुरा, एकेक मोजा, आणि गाडीत बसलेल्या मुलांच्या हातून पडलेली खेळणी. गॅरेजात त्यासाठी एक डबा आहे. सापडलेली वस्तू त्यात टाकायची आणि मालक गाडी न्यायला आला की डबा त्याच्यापुढे करायचा. लोक किल्ल्या उचलतात, चष्मा उचलतात. जनावर कोणी उचलत नाही. मूल मोठं झालेलं असतं किंवा विसरलेलं असतं. असा राहिलेला गेंडा एके दिवशी ह्यांच्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून घरी आला.

"हे घे गं, डुक्कर," हे म्हणाले.

"डुक्कर नाय, गेंडा हाय. चौथीच्या पुस्तकात व्हता."

चौथीचं पुस्तक माझं शेवटचं. पुढची शाळा लांब होती आणि म्हशी जवळ होत्या. सात-आठ वर्षं मी गुरांमागे फिरले. पावसात इरलं घेऊन, उन्हात डोक्यावर पळसाचं पान धरून. शाळेतलं सगळं विसरले, पण गुरांकडे बघत बसायची सवय राहिली. म्हैस उठताना आधी मागचा भाग वर करते, घोडा पुढचे पाय आधी टाकतो. शेळी कान मागे कधी नेते. वासरू पितं तेव्हा त्याच्या शेपटीला कसा जोर येतो. हे काही कोणी विचारत नाही, त्यामुळे सांगायची वेळ आली नाही.

तो गेंडा हातात घेतला तेव्हा कळलं की ज्यानं हा केलाय त्यानं गेंडा बघितलेला आहे. मानेखाली कातड्याच्या वळ्या होत्या, आणि त्या वळ्यांत रंग थोडा गडद, घाण साचल्यासारखा. एक पुढचा पाय जरा पुढे. म्हणजे चालता चालता काहीतरी ऐकून थांबलाय. मला फार बरं वाटलं. कोणीतरी कुठेतरी लांब बसून जनावराकडे माझ्यासारखं बघत बसलं असणार.

मग नितीनची, म्हणजे आमच्या मुलाची, शाळेतली अर्धी कोरी वही होती. तिच्यात मी लिहायला लागले.

"गेंडा. वळ्या चांगल्या. भार बरोबर पडलाय. डोळ्यात पांढरा ठिपका दिलाय म्हणून जिवंत वाटतो. पोटाखाली जोडाची रेघ दिसते. ठेवावा."

"घोडा. चारही पायांवर सारखा भार. असा घोडा उभा राहत नाही, खुर्ची राहते. आयाळ चिकटवल्यासारखी. देऊन टाकावा."

"शेळी. दाढी आहे, कासही आहे. खूर दुभंगलेले. ज्यानं केली त्यानं शेळी राखली असेल. ठेवावी."

"जिराफ. मी पाहिला नाही. शेरा देत नाही. उभा नीट राहतो."

असं सगळं. डब्यातून यायची ती जनावरं, नंतर खोपोलीच्या दुकानातून, जत्रेतून, मग नितीननं मोबाइलवरून मागवलेली. दुकानात मी विचारायची नाही. काचेबाहेरून बघून यायची आणि नितीनला सांगायची, वरच्या फळीवरची डावीकडची म्हैस. खेळणी नितीनला माहीत होती, ह्यांनाही माहीत होती. वही मात्र कोणालाच माहीत नव्हती. पन्नाशीची बाई प्लास्टिकच्या घोड्याला नावं ठेवते, तेही असल्या अक्षरात. ती वही कोणी मोठ्यानं वाचली तर मी गाव सोडून जाईन, असं मला वाटायचं. पत्र्याच्या पेटीत तळाला वही, वर जनावरं, त्यावर जुनं लुगडं.

सगळ्यांत मोठी अडचण गाईची होती. बाजारात गाय मिळते ती काळी-पांढरी, पाठ सपाट, कान आडवे. चांगल्या केलेल्या असतात त्या, नाही असं नाही. शिरा सुद्धा दाखवलेल्या असतात. पण वशिंड नाही, गळ्याखाली कातड्याची पोळी लोंबत नाही. त्यांच्या मुलुखात तशाच गायी असतील, त्यात त्यांचा काय दोष. पण मी राखल्या त्या गायींतली एकही मला बाजारात दिसेना.

शेवटी एका रविवारी मी ह्यांच्याकडे लांबी मागितली. गाडीला पोचा आला की तो भरायला लावतात ती लांबी.

"कुठल्या गाडीला?" हे म्हणाले.

"गाईला."

 संध्याकाळी ह्यांनी लांबी कागदात बांधून आणली. मी गाईच्या खांद्यावर वशिंड लावलं, पोळी ओढली, कान खाली वळवले, आणि वाळल्यावर पॉलिश पेपरनं घासलं. वशिंड सरळ उभं नसतं, गाय दमली की एका बाजूला किंचित कलतं. तसं केलं. रंग ह्यांनी मारला, एका जीपचा उरलेला मळकट पांढरा. वासरूही त्याच रंगाचं. त्या दिवशी वहीत मी काहीच लिहिलं नाही. स्वतः केलेल्याला शेरा कसा द्यायचा?

त्याच वर्षी वैशाखात नितीनचं लग्न झालं. सून कर्जतची, प्रणाली. शिकलेली. साजगावच्या एका कारखान्यात तयार माल तपासायच्या खात्यात कामाला. उंच, मान सरळ, बोलणं स्वच्छ. ती घरात आली आणि मी पेटी माळ्यावर टाकली. मला तिची भीती वाटायची. सासूनं सुनेला भ्यावं हे कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

ती कामाला मागे नव्हती. पण खाली बसायची नाही. भांडी घासायची ती कमरेत वाकून. जेवायची खुर्चीवर, ताट हातात घेऊन. भाजी निवडायची स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहून. मी एकदा पाट पुढे केला तर म्हणाली, "राहू द्या आई, मला सवय नाही."

मग कापणी आली. त्या वर्षी भात चांगलं होतं. सगळ्या बायका ओळीनं उकिडव्या बसून कापत होत्या. विळ्याचा करकर आवाज, पायाखाली अजून ओल, मधूनच बेडूक उडायचे. प्रणालीनं सुट्टी घेतली होती. आली, बांधावर उभी राहिली, पाणी देत होती, पेंढ्या उचलत होती. पण विळा घेऊन बसली नाही. एका पायावर भार टाकून, कमरेवर हात ठेवून उभी.

आमच्या थोरल्या वन्सं, म्हणजे ह्यांची बहीण, शेजारच्याच घरात राहतात. त्यांच्या जिभेला विळ्याइतकीच धार. त्या ओळीतून मान वर न करता म्हणाल्या, "वयनी, सून आनली का मुकादम आनलाय?"

सगळ्या हसल्या. प्रणालीनं ऐकलं. ती पाण्याची कळशी घेऊन पलीकडच्या खाचराकडे गेली. मी काही बोलले नाही. मला तोंडावर बोलता येत नाही, ना रागाचं ना मायेचं. मला लिहिता येतं. संध्याकाळी पेटी खाली काढली आणि लिहिलं.

"प्रणाली. मान सरळ. डोळे मोठे, खाली बघत नाहीत. खुरं मोठी. भार एकाच पायावर टाकते. वाकते पण बसत नाही. मिजास."

लिहून झाल्यावर बरं वाटलं. मग लगेच वाईट वाटलं. पण पेनानं लिहिलेलं होतं. आणि पान फाडलं तर मागच्या बाजूची शेळी गेली असती. पेटी पुन्हा माळ्यावर ठेवली.

चार-पाच दिवसांनी वसुबारस. कापणी अर्धी झाली होती. संध्याकाळी खाचरातून घरी आले तर ओट्यावर रांगोळी. मध्ये पाट. पाटावर माझी गाय आणि वासरू, कपाळाला हळदकुंकू, पुढे बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. प्रणाली पाटाशी वाकून निरांजन लावत होती.

"आई, या. तुमच्यासाठीच थांबलेय."

"ही कुठनं काढलीस?"

"पत्र्याच्या पेटीतून. गाय शोधली हो, कोणाच्या गोठ्यात नाही राहिली. मग नितीन म्हणाला, आईच्या पेटीत आहे."

 गाय पेटीत अगदी तळाला, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली होती. आणि टॉवेलाखाली वही.

वन्सं कुडाच्या फटीतून बघत होत्याच. आल्या. "आता खेळन्याला ववाळायचं का? उद्या नितीनच्या मोटरसायकलीला चारा घाला."

"त्यात काय आत्या," प्रणाली म्हणाली. "मातीची चालते, पितळेची चालते. ही नाही चालायची?"

वन्सं गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकल्या. चष्मा वर केला. 

"अगो बाय. हिला वशिंड हाय की गं. आनि कललंय. आपल्या कपिलीचं कलायचं तसं." कपिली ही ह्यांच्या घरातली शेवटची गाय. "कोनी केली ही?"

हे पाय धूत होते. तिथूनच म्हणाले, "रंग माजा, गाय तिची. जीपचा रंग हाय, धुतला तरी जायाचा नाय."

वन्सं माझ्याकडे वळल्या. "वयनी, तू?" आणि कुंकवाची चिमूट घेऊन त्यांनी वासराला लावली. एरवी मी त्या क्षणासाठी काय दिलं नसतं. पण माझं लक्ष तिथे नव्हतं. मी प्रणालीच्या तोंडाकडे बघत होते. तिच्या तोंडावर काहीच दिसत नव्हतं.

नंतर पेटी बघितली. वही जागेवर होती. पण मी तिला नाडीची गाठ मारते ती साधी. आता तिथे फुलासारखी गाठ होती, बुटाला मारतात तशी.

त्या दिवाळीचे चार दिवस मी काय खाल्लं ते मला आठवत नाही. वही उघडायचं धाडस झालं नाही. उघडून काय कळणार होतं, वाचल्याची खूण थोडीच राहते. मी प्रणालीच्या प्रत्येक बोलण्यात अर्थ शोधत होते. तिनं मला चकली आधी दिली, तर वाटलं टोमणा आहे. आत नितीनबरोबर हसली, तर वाटलं माझी शेळी वाचून दाखवतेय. पाडव्याला तर मी करंज्या तळत होते आणि ती एकदम म्हणाली, "आई, त्या गाईचे कान तुम्ही मुद्दाम खाली वळवलेत ना?" झारा माझ्या हातातून तेलात पडला. हातावर थोडं तेल उडालं, पण थोडक्यात निभावलं. तिनं पटकन गॅस बंद केला आणि माझा हात धरून नळाखाली नेला. तेव्हाही तिनं माझ्याकडे सरळ बघितलं, आणि मीच मान खाली घातली.

भाऊबीजेला दोघं कर्जतला गेली. ह्यांना वन्संकडे ओवाळून घ्यायला जायचं होतं. घर रिकामं झालं. भर दुपारी मी दाराला कडी घातली आणि वही उघडली.

तिच्या नावाच्या पानावर, माझ्या ओळींखाली, पेन्सिलीनं लिहिलं होतं. अक्षर बारीक, सरळ.

"मिजास नाही. नववीत असताना डाव्या गुडघ्याची वाटी सरकली होती. उकिडवं बसलं की परत सरकते. लग्न मोडेल म्हणून घरच्यांनी सांगू दिलं नाही. नितीनला लग्नानंतर मी सांगितलं. तुम्हाला सांगायचा धीर होत नव्हता. बाकी नोंदी बरोबर आहेत. आमच्या खात्यात पण मालाचं असंच लिहितात, पण इतकं बारीक कोणी बघत नाही."

मी ते तीनदा वाचलं. आधी लाजच वाटली. कळपातल्या एखाद्या गाईच्या खुरात काटा गेला तर मी लांबून ओळखायची. पाय टेकवते पण भार देत नाही, हे मला बघताक्षणी कळायचं. प्लास्टिकच्या घोड्याच्या पायांवर भार कसा पडलाय ते मी वहीत लिहीत होते. आणि घरात एक मुलगी सहा महिने डावा पाय जपत वावरत होती, आणि मी लिहिलं मिजास.

मग हळूहळू छातीवरचं ओझं उतरत गेलं. ती हसली नव्हती. तिनं वही कोणाला दाखवली नव्हती. मी जसं लिहिलं होतं तसंच तिनं शांतपणे उत्तर लिहिलं होतं. आणि ती माझ्यासारखीच घाबरलेली होती. एकाच घरात दोघी एकमेकींना भीत होतो, ती गुडघा लपवत होती आणि मी वही. इतकं हायसं वाटलं की मी तिथेच जमिनीवर बसून थोडी रडले, मग उठून कडी काढली. दार लावून ठेवायचं आता काही कारण नव्हतं.

पेनाचं पुसत नाही. म्हणून "मिजास" वर एक रेघ मारली आणि खाली लिहिलं, "मी ओळखायला हवं होतं."

हे परत आले तेव्हा त्यांना म्हटलं, "अवो, गॅरेजात ते लोखंडी स्टूल पडलंय ना, त्याला उंच पाय लावून आना. मोरीपाशी ठेवायला."

"कोनाला?"

"मला."

"तुजा गुडगा दुकतो का?"

"दुकतो," मी म्हटलं. तिची गोष्ट तिनं सांगायची होती, मी नाही.

दुसऱ्या दिवशी प्रणाली परतली तेव्हा स्टूल मोरीत होतं आणि भांड्यांचं टोपलंही उंच विटांवर. ती दारात उभी राहिली. स्टुलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी चुलीत फुंकर मारत होते, विस्तव पेटलेला असूनही. तिनं येऊन स्टूल ओढलं, बसली, दोन भांडी घासली. मग मान न वळवता म्हणाली,

"आई, खुरं मोठी हे मात्र बरोबर लिहिलंत. माझ्या मापाची चप्पल मिळत नाही."

मला हसू आवरेना. धुरानं ठसका लागला तरी हसत होते. तीही हसत होती. ह्यांनी बाहेरून विचारलं, "काय झालं गं?" तर ती म्हणाली, "काही नाही बाबा, घोड्याची आठवण झाली."

त्यानंतर तिनं सगळ्यांना स्वतःच सांगितलं. वन्संनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग बसायचं काम कशाला करतेस? उफनायला उभी ऱ्हा." उफणणी उभ्यानंच करतात, सूप खांद्याच्या वर धरून, वाऱ्याकडे तोंड करून. भरलेलं भात खाली पडतं, पोकळ दाण्यांचा पोल लांब उडतो. प्रणाली उंच. गेल्या दोन वर्षांत वन्संनी ते काम दुसऱ्या कोणाला दिलं नाही. वारा पडला की तिला थांबवतात, आला की हाक मारतात. आता मुकादम कोण आहे ते मी बोलत नाही.

हे लिहिता लिहिता ऊन कललं. पेटीवर लुगडं नसतं आता, आणि वही फळीवर मिठाच्या बरणीशेजारी असते. तिच्यात पेन्सिलीच्या नोंदीही आहेत. साजगावहून येताना प्रणालीला कुठे एखादं जनावर दिसलं तर ती घेऊन येते. आधी ती लिहिते, मग मी. आमचं नेहमी जुळतं असं नाही. तिला उंट आवडतात. मला त्यांची तोंडं पटत नाहीत.

आत्ताच ती कामावरून आली. पिशवी ठेवून ओट्याच्या पायरीशी उभी राहिली, सुपांकडे बघत. सगळा भार उजव्या पायावर.

"आज दुखतोय का गं?"

"थोडा. दिवसभर उभी होते."

"मग स्टूल घे. सुपं मी उचलते."

"मी काय करू?"

"वही वाच. एकेक वाचत जा, मी एकेक पुसून पेटीत ठेवते."

वन्सं आपल्या ओट्यावर येऊन बसल्या होत्याच. "मोट्यानं वाच गं," त्या म्हणाल्या. "मला बी ऐकू दे, घोड्याला काय म्हनलीय ती."

प्रणालीनं नाडी सोडली, पहिलं पान उघडलं, घसा साफ केला.

"गेंडा," ती मोठ्यानं वाचायला लागली. "वळ्या चांगल्या. भार बरोबर पडलाय."

मी गेंडा उचलला. कानाजवळ नेऊन हलवून बघितला. पोटात पाणी नव्हतं.